दत्तक कुत्रा मूळचा कुठला? ब्रीडरपर्यंत कसं पोचायचं, आमच्या चकलीच्या अनुभवावरून

आमची चकली घरी आली तेव्हा तिच्याबद्दल एवढंच माहीत होतं की बीगल जातीची आहे, मादी आहे, वय अंदाजे अडीच वर्षं आणि बावधनच्या पुढे हायवेच्या कडेला सापडली. नाव आम्ही ठेवलं, झोपताना गोल गोल वळून बसते म्हणून. त्यावर कोण कुठली याची चौकशी करायची गरजही वाटली नव्हती, आपली झाली ना, विषय संपला. पण चार महिन्यांनी एका पहाटे तिला फिट आली, मग महिन्याभरात अजून दोन. गोचीड ताप, लिव्हर, शुगर सगळं तपासून झाल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "हिच्या आईला किंवा भावंडांना असं काही होतं का?" मी नुसती बघत राहिले.

बीगलमध्ये फिट्सचा आजार बऱ्याचदा घराण्यातून येतो आणि पहिली फिट साधारण सहा महिने ते सहा वर्षं या वयात येते, म्हणून तो प्रश्न. तिथून माझा शोध सुरू झाला, तो पाच महिने चालला. त्यातले निदान तीन महिने मी चुकीच्या दारावर टकटक करत होते. ते तुमचे वाचावेत म्हणून हे लिहितेय.

आधीच सांगते, तुमचा कुत्रा देशी असेल तर ब्रीडर (म्हणजे विकण्यासाठी कुत्र्यांची पैदास करणारा) वगैरे शोधायच्या भानगडीत पडू नका, तो नसतोच. पण कानाला छोटा काप असेल तर नसबंदी मोहिमेत त्याचं ऑपरेशन झालेलं आहे. पकडला त्याच भागात परत सोडायचं असा नियम असल्यामुळे त्या केंद्राच्या रजिस्टरमध्ये कुठून उचलला ते लिहिलेलं असतं. म्हणजे ब्रीडर नाही तरी गल्ली सापडू शकते.

१. आधी हे गोळा करा

एक फाइल करा, कागदाची आणि मोबाइलमधली पण. त्यात:

- दत्तक घेतानाचा फॉर्म किंवा करारनामा
- रेस्क्यूवाल्यांनी (रस्त्यावरची कुत्री उचलून घरं शोधून देणाऱ्या संस्थेने) उचलला त्या दिवसाचे फोटो, व्हिडिओ (नंतरचे, आंघोळ घालून रिबीन लावलेले नाहीत, पहिल्या दिवसाचेच)
- लसीकरणाचं पुस्तक, जुनं असेल तर सोनंच
- ओळखीसाठी कातडीखाली टोचतात त्या चिपचा नंबर (कसा शोधायचा ते पुढे येईल), स्टिकर असेल तर त्याचा फोटो
- आत्ताचे स्पष्ट फोटो: समोरून, दोन्ही बाजूंनी, पोट, कानाच्या आतली बाजू, दात
- महापालिकेचं लायसन्स तुमच्या नावाचं, आणि रेबीजच्या लसीचं सर्टिफिकेट

लायसन्स शोध सुरू करायच्या आधीच काढून घ्या, हे मुद्दाम सांगतेय. कारण शोधता शोधता जुना मालक उगवला आणि म्हणाला की कुत्रा माझा, तर तुमच्या हातात काहीतरी पाहिजे. दत्तकाचा करार, लायसन्स आणि डॉक्टरांची बिलं हे तिन्ही असले की बोलताना आवाज आपोआप स्थिर राहतो.

२. रेस्क्यूच्या ताईंशी नीट बसून बोला

बहुतेक जण एक मेसेज टाकतात, "काही माहिती आहे का", उत्तर येतं "नाही ओ", संपलं. त्या बिचाऱ्या दिवसाला वीस केसेस बघतात, त्यांना आठवत नसतं. त्यामुळे मोघम विचारू नका. कुठल्या तारखेला, नेमक्या कुठल्या ठिकाणी, फोन कोणी केला होता, गळ्यात पट्टा होता का, कुठल्या रंगाचा, नखं वाढलेली होती की कापलेली, अंगावर कुठे केस भादरलेले होते का, स्वतः उचलली की कोणी आणून दिली, असं एकेक विचारा.

चकलीच्या पहिल्या व्हिडिओत पुढच्या पायावर केस भादरलेला चौकोन दिसत होता. म्हणजे काही दिवसांपूर्वीच कोणीतरी तिला सलाइन लावलं होतं, म्हणजे ती कुठल्यातरी डॉक्टरकडे जाऊन आली होती. हा व्हिडिओ माझ्या फोनमध्ये चार महिने पडून होता आणि मी शंभर वेळा बघून रडले होते पण त्या चौकोनाकडे लक्षच गेलं नव्हतं.

कोणी स्वतः आणून सोडला असेल तर त्या माणसाचं नाव रेस्क्यूवाले तुम्हाला देणार नाहीत, आणि देऊही नये, नाहीतर उद्या लोक कुत्रा आणून द्यायच्या ऐवजी रस्त्यावरच सोडतील. त्यापेक्षा एक छोटी चिठ्ठी लिहून द्या: कुत्रा मजेत आहे, परत मागायचा नाही की भांडायचं नाही, फक्त तब्येतीचा इतिहास हवाय. ती पुढे पाठवायला सांगा.

३. कुत्र्याचं अंग वाचा

हे डॉक्टरांसोबतच करा. दातांवरून वय कळतं, पण अंदाजे, आणि कुत्रा मोठा असला की अंदाज अजून सैल होतो. मादीची आचळं लोंबलेली असतील तर बहुधा पिल्लं झालेली आहेत, बऱ्याचदा ब्रीडरनेच वापरून सोडून दिलेली असते. पोटावर जुना टाका असेल तर नसबंदी किंवा सिझेरियन. डॉबरमन, रॉटवायलर, बॉक्सर यांची शेपटी कापलेली असेल तर ते काम पिल्लू काही दिवसांचं असतानाच केलेलं असतं, म्हणजे ब्रीडरकडेच.

बीगलवाल्यांसाठी खास: कानाच्या आतल्या बाजूला हिरवट-निळसर गोंदलेले आकडे दिसतात का बघा. तसं असेल तर तुमचा कुत्रा औषधांच्या प्रयोगशाळेतून सुटलेला असण्याची दाट शक्यता आहे. अशा बीगलना घरं मिळवून देण्याचं काम बंगळुरूच्या क्युपा संस्थेने बरीच वर्षं केलंय, त्यामुळे आकड्याचा फोटो घेऊन तिथे विचारता येतं. चकलीचे कान कोरे होते.

४. चिप शोधा, आणि एकदा नाही म्हटल्यावर थांबू नका

चिप म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी काचेची नळी, दोन खांद्यांच्या मधे कातडीखाली सुईने टोचतात. तिच्यात बॅटरी नसते, जीपीएस नसतं, मालकाचं नाव तर नसतंच. फक्त एक नंबर असतो. स्कॅनर जवळ नेला की तो उमटतो.

आता सापळा. चिप कातडीखाली सरकते. दोन क्लिनिकमध्ये चकलीच्या मानेवरून स्कॅनर फिरवून "चिप नाहीये" म्हणून सांगितलं, मीही विश्वास ठेवला आणि दोन महिने लसीच्या पुस्तकाच्या मागे घालवले जे मुळात अस्तित्वातच नव्हतं. तिसऱ्या ठिकाणी एका नवख्या डॉक्टरीणबाईंनी मानेपासून सुरू करून दोन्ही खांदे, कोपरापर्यंत पाय, छाती असं सावकाश, जवळजवळ अंगाला टेकवून स्कॅनर फिरवला, आणि उजव्या कोपराच्या वर टुं वाजलं. तर डॉक्टरांना सरळ सांगा, पूर्ण अंग स्कॅन करा, हळू करा, गळ्यातला पट्टा आणि धातूची बिल्ला-घंटी काढून करा. क्लिनिकमध्ये स्कॅनर नसेल तर मोठ्या हॉस्पिटलात जा, सगळीकडे नसतो.

नंबर आला की स्क्रीनचा फोटो काढा. हाताने लिहून घेऊ नका, पंधरा आकड्यांत एक तरी चुकतोच.

५. चिपचा नंबर उलगडा

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत. लोकांना वाटतं नंबर गुगलवर टाकला की मालकाचा फोन नंबर येतो. भारतात सगळ्या चिपांची मिळून एकच सरकारी यादी नाही. कोणी केनेल क्लबकडे (जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणारी संस्था) नोंदवतं, कोणी चिपच्या कंपनीच्या साइटवर, आणि बरेच जण कुठेच नाही, फक्त टोचून मोकळे होतात.

पण पहिले तीन आकडे बोलतात.

- ३५६ असेल तर तो भारताचा देश-कोड.
- ९०० ते ९९८ मधलं काही असेल तर तो चिप बनवणाऱ्या कंपनीचा कोड. आपल्याकडे हे खूप दिसतं.
- दुसऱ्या देशाचा कोड असेल, म्हणजे रशिया ६४३, युक्रेन ८०४, सर्बिया ६८८, थायलंड ७६४, तर कुत्रा बाहेरून आलेला असू शकतो. विक्रीच्या पैदाशीसाठी कुत्री आयात करायला २०१६ पासून बंदी आहे, त्यामुळे असा कुत्रा आला तर त्याच्यामागे आयातीचे कागद कुठेतरी असायला हवेत.

परदेशी वाटला तर युरोपेटनेट आणि पेटमॅक्स या साइटवर नंबर टाकून बघा, फुकट आहे. तिथे मालकाचं नाव येत नाही, पण नंबर कुठल्या यादीत नोंदवलाय ते कळतं आणि मग त्या यादीवाल्यांना लिहायचं.

चकलीचा नंबर ९ ने सुरू होणारा, म्हणजे कंपनीचा. मी नंबर चार ठिकाणी शोधला, काही नाही. मग सुचलं की कंपनी चिपा एकेक करून विकत नाही, गठ्ठ्याने विकते आणि कुठला गठ्ठा कोणाला दिला त्याची नोंद असते. कंपनीला मेल केला, त्यांनी भारतातल्या वितरकाकडे पाठवलं, वितरकाने तीन आठवडे उत्तर दिलं नाही, मी दर सोमवारी त्याच मेलवर "सर, आठवण करून देते" एवढंच लिहीत राहिले, आणि चौथ्या सोमवारी उत्तर आलं: हा गठ्ठा मिरजेकडच्या एका क्लिनिकला गेला होता. पुण्याला सापडलेली कुत्री, आणि चिप मिरजेची!

मेल लिहिताना तीन गोष्टी टाका: स्कॅनरच्या स्क्रीनचा फोटो, दत्तकाच्या कराराचा फोटो, आणि एका ओळीत कारण. "आजारासाठी घराण्याची माहिती हवी आहे, मालकाचा नंबर मला देऊ नका, माझा नंबर त्यांना द्या." हे शेवटचं वाक्य फार कामाला येतं, समोरच्याला गोपनीयतेची धास्ती राहत नाही.

आणि एक, पूर्ण चिप नंबर सोशल मीडियावर टाकू नका. कोणीही उठून तोच नंबर सांगून "माझाच कुत्रा" म्हणू शकतं. टाकायचाच असेल तर शेवटचे पाच आकडे झाका, आणि कोणी दावा केला तर ते पाच आकडे त्याला सांगायला लावा.

६. चिप नसेल तर लसीचं पुस्तक

माझ्याकडे नव्हतं, पण माझ्या मैत्रिणीच्या लॅब्रॅडॉरचं होतं आणि तिचं काम पंधरा दिवसांत झालं. पुस्तकावर मालकाचं नाव खोडलेलं असतं, पहिलं पान फाडलेलं असतं, पण आतली पानं लोक विसरतात. प्रत्येक लसीच्या बाटलीवरचा स्टिकर चिकटवलेला असतो, त्यावर बॅच नंबर आणि मुदतीची तारीख असते. शेजारी डॉक्टरांची सही आणि शिक्का, शिक्क्यावर नोंदणी क्रमांक. महाराष्ट्रातले डॉक्टर असतील तर ही नोंदणी नागपूरच्या महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेची असते, त्यावरून डॉक्टरांचं नाव काढता येतं.

पहिला डोस कोणी दिला तिकडे जास्त लक्ष द्या. साधारण सहा ते आठ आठवड्यांचं असताना तो देतात, आणि तेव्हा पिल्लू बहुतेक वेळा ब्रीडरकडेच असतं. म्हणजे पहिल्या शिक्क्याचा डॉक्टर ब्रीडरच्या गावचा, नंतरच्या शिक्क्यांचा डॉक्टर मालकाच्या गावचा. पण काही विक्रेते कोरी पुस्तकं स्वतःच भरतात, स्टिकर आहे पण सही नाही, किंवा सगळ्या डोसांचं अक्षर आणि शाई एकच. तसं दिसलं तर त्या पुस्तकावरच्या जन्मतारखेवरही विश्वास ठेवू नका.

पुस्तकही नाही, चिपही नाही, मग काय? मग माणसं. कुत्रा सापडला तिथून दोन-तीन किलोमीटरमधली क्लिनिक, ग्रूमिंगवाले, पेट शॉप, आणि सोसायट्यांचे वॉचमन काका. वॉचमन काकांना कुठल्या विंगमधला कुत्रा अचानक दिसेनासा झाला ते बरोबर माहीत असतं. फोटो मोबाइलवर दाखवण्यापेक्षा छापून न्या, हातात कागद दिला की माणूस दोन मिनिटं जास्त बघतो.

डीएनए टेस्टबद्दल खूप जण विचारतात. ती जात सांगते, ब्रीडर सांगत नाही. काही परदेशी कंपन्या रक्ताचे नातेवाईक जुळवून दाखवतात, पण ते नातेवाईक त्यांच्या यादीत असले तर. काही आजारांचे जीन कळतात ते मात्र उपयोगी आहे.

७. केसीआयचे कागद

केनेल क्लब ऑफ इंडिया, ऑफिस चेन्नईला. ब्रीडरने वेताची (एका वेळी झालेल्या सगळ्या पिल्लांची) नोंदणी केली असेल तर प्रत्येक पिल्लाचं सर्टिफिकेट निघतं, त्यावर चिप नंबर, जन्मतारीख, ब्रीडरचं नाव, आणि आईबापांपासून तीन पिढ्या. त्यामुळे चिप नंबर मिळाला की केसीआयला मेल करून ठेवा, वरच्यासारखाच, तीन गोष्टी घालून.

पण आशा बेताची ठेवा. बाजारात पिल्लू "विथ पेपर" आणि "विदाउट पेपर" असं दोन भावांत मिळतं, आणि रस्त्यावर येणारे बहुतेक विदाउटवाले. केसीआयशिवाय दुसरे क्लबही कागद देतात, म्हणून हातात कागद आला तर आधी वर नाव कोणाचं आहे ते वाचा. कागदावरचा चिप नंबर आणि अंगातला नंबर जुळत नसेल तर तो कागद दुसऱ्याच कुत्र्याचा आहे, कितीही चकचकीत असो. आणि "पाच हजार द्या, तुमच्या रेस्क्यूचे पेपर करून देतो" म्हणणारे भेटतील, त्यांचा नंबर ब्लॉक करा.

कारवानी या आपल्याकडच्या शिकारी जातीच्या कुत्र्यांचं प्रकरण वेगळं आहे. सोलापूर-लातूरकडे किंवा सीमेपलीकडे कर्नाटकात मुधोळला ही कुत्री पिढ्यान्‌पिढ्या पाळतात, पण कागद क्वचितच. केसीआयच्या यादीत त्यांना कॅरव्हॅन हाउंड म्हणतात, मुधोळकडे मुधोळ हाउंड, कुत्रं तेच. तिथे वंशावळ लोकांच्या तोंडी असते, अमक्याच्या कुत्रीची तमक्याच्या कुत्र्याकडून झालेली, आणि ती कागदापेक्षा खरी निघते. त्यामुळे कारवानी मिळाला असेल तर मेल लिहीत बसू नका, फोटो घेऊन त्या भागातल्या शिकारी कुत्र्यांच्या शौकीन माणसांना गाठा.

८. सरकारी बाजू

२०१७ च्या श्वान प्रजनन नियमांप्रमाणे प्रत्येक ब्रीडरने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते, कुत्र्यांना चिप लावायची, रेकॉर्ड ठेवायचं, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही, मादीकडून वर्षात एकापेक्षा जास्त वेत घ्यायचं नाही आणि आयुष्यात पाचापेक्षा जास्त नाही. कागदावर फार छान आहे.

तुमच्या उपयोगाचं एवढंच की नोंदणी झालेल्या ब्रीडरची यादी माहिती अधिकारात मागता येते. फी दहा रुपये, ऑनलाइन भरता येते, उत्तर तीस दिवसांत यायला हवं. प्रश्न छोटा ठेवा: "अमुक जिल्ह्यात या नियमांखाली नोंदणी झालेल्या श्वान प्रजनन केंद्रांची नावं आणि नोंदणीची मुदत." अमुक चिपच्या मालकाचं नाव मागितलं तर खासगी माहिती म्हणून नाकारतील. मला आलेल्या यादीत चकलीचा ब्रीडर नव्हता. आश्चर्य वाटलं नाही.

कुत्रा सोडून देणाऱ्याविरुद्ध तक्रार करायची असेल तर तो १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहेच. दंड पहिल्या वेळेला दहा ते पन्नास रुपये. हो, पन्नास. पार्किंगची पावती याहून महाग पडते.

९. ब्रीडरशी बोलताना

मिरजेच्या क्लिनिकमध्ये मी फोन केला तर कंपाउंडर काकांनी उचलला. त्यांनी रजिस्टर काढलं आणि म्हणाले, "हाय की, एकाच दिवशी सहा पिल्लांना टोचलंय." नाव नाही सांगितलं, निरोप मात्र पोचवला. नऊ दिवसांनी एका अनोळखी नंबरवरून फोन आला आणि पहिलंच वाक्य, "मॅडम, ती माझी कुत्री न्हवं."

अशा वेळी भांडू नका. मला पण खूप काय काय बोलायचं होतं, आठवडाभर मनात तयारी केली होती. पण तुम्ही आवाज चढवला की फोन कट, आणि तो नंबर परत लागणार नाही. मी एवढंच म्हटलं, "दादा, पैसे नको, पेपर नको, तिला फिट्स येतात, तेवढं विचारायचंय." जरा वेळ शांतता. मग हळूहळू बोलले. पिल्लं पुण्याच्या एका दलालाला एकगठ्ठा विकली, पुढे कुठे गेली माहीत नाही. आईला कधी काही झालं नाही. पण बाप हा आईचाच सावत्र भाऊ, आणि त्याच वेतातला एक नर सांगलीत आहे, त्याला दोन वर्षांचा झाल्यावर फिट सुरू झाल्या, मालकाने येऊन तमाशा केला होता.

विचारायचे प्रश्न आधी लिहून ठेवा, फोन कधी येईल सांगता येत नाही (मी भाजी घेत होते, पावतीच्या मागे लिहिलं):

- जन्मतारीख, वेतात किती पिल्लं, जगली किती
- आईबाप जिवंत आहेत का, नसतील तर कशाने गेले
- दोघांचं आपसात नातं आहे का
- फिट्स, कंबरेचा त्रास, डोळे, हृदय, यातलं घराण्यात काही
- दुसऱ्या कुठल्या पिल्लाच्या मालकाने तक्रार केली होती का

शेवटचा प्रश्न चुकवू नका, खरी माहिती तिथूनच बाहेर येते. आणि फोन ठेवल्यावर त्यांचं नाव-गाव फेसबुकवर टाकायचा मोह आवरा. अब्रूनुकसानीची नोटीस येऊ शकते हे एक, आणि पुढच्या वेळी दुसऱ्या कोणाला हवी असलेली माहिती त्या माणसाकडून कधीच मिळणार नाही हे दुसरं. नियम मोडल्याचा पुरावा हातात असेल तर पशुसंवर्धन खात्याकडे किंवा जिल्ह्याच्या एसपीसीएकडे (प्राण्यांवरची क्रूरता रोखणारी संस्था) लेखी तक्रार द्या, तो मार्ग आहे.

मिळालेलं सगळं एका कागदावर लिहून डॉक्टरांच्या फाइलमध्ये लावा. आमच्या डॉक्टरांनी ते वाचून आधी सुचवलेला महागडा मेंदूचा स्कॅन सध्या थांबवला आणि गोळ्या नियमित सुरू केल्या, दर काही महिन्यांनी रक्त तपासायचं. सांगलीच्या त्या भावाच्या मालकांशीही आता ओळख झालीये, कुठल्या गोळीने किती फरक पडला ते आम्ही एकमेकांना कळवतो.

१०. शेवटी चिप तुमच्या नावावर करा

हे सगळे विसरतात, मीही विसरले होते. जुनी नोंद सापडली असेल तर ती बदलायला दत्तकाचा करार, तुमचं ओळखपत्र आणि शक्य असेल तर जुन्या मालकाचं संमतीचं पत्र लागतं. पत्र मिळणार नसेल तर रेस्क्यू संस्थेच्या लेटरहेडवर, कधी आणि कुठे सापडला याचं पत्र घ्या आणि ते चालेल का विचारा. जुनी नोंद कुठेच नसेल तर उलट सोपं, कंपनीच्या साइटवर सरळ तुमच्या नावाने नोंदवा आणि लायसन्सच्या अर्जातही तोच नंबर टाका. मोबाइल नंबर दोन द्या, एक घरातल्या दुसऱ्या माणसाचा. आणि चिप सरकलेली असेल तर लसीच्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा, आमच्या पुस्तकावर लाल पेनाने लिहिलंय: चिप उजव्या कोपराच्या वर आहे, मानेवर शोधू नका.